पालकांनी आधी वर चढून पाहावे

आमच्या मुलीने भाजी वाढून घेता घेता सांगितलं, "बाबा, मला मर्चंट नेव्हीत जायचंय," आणि मी "वा!" म्हणालो. पुढचं सगळं रामायण त्या एका 'वा'मुळे घडलं. वास्तविक माझ्या हातातला घास हातातच राहिला होता आणि टेबलाखाली माझे पाय एकमेकांचा आधार शोधत होते. पण तोंडातून निघालं ते 'वा'.

आता हा 'वा' मी का म्हणालो तेही ऐका. आमची मुलगी, घरात तिला भिंगरी म्हणतात, ही लहानपणापासून नकारावर वाढलेली आहे. नको म्हटलं की तिच्या अंगात येतं. सायकल नको म्हटलं, तिने मैत्रिणीची सायकल मागून आणली आणि संध्याकाळपर्यंत शिकून दाखवली. केस कापू नकोस म्हटलं, तर कानापर्यंत कापून आली. गणित घेऊ नकोस, जड जाईल म्हटलं, तर शाळा संपताना गणितात वर्गात पहिली. इतक्यांदा तोंडावर आपटल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं होतं की, यापुढे मोठं संकट आलं की सरळ 'हो' म्हणायचं. बापच हो म्हणतोय म्हटल्यावर तिचा त्यातला रस आपोआप जाईल. युक्ती चांगली होती. मला ती अजूनही वाईट वाटत नाही.

"वा म्हणजे?" भिंगरीने विचारलं. तिचा चमचा भाजीतच राहिला.

"वा म्हणजे वा! जा की. जग बघ. आमच्या वेळी असलं काही असतं तर मी स्वतः गेलो असतो."

हे ऐकून बायकोला ठसका लागला. बागेतल्या तळ्यावर एक लाकडी पूल आहे आणि तो टाळण्यासाठी मी अख्ख्या तळ्याला वळसा घालून जातो, हे तिला ठाऊक आहे. तळ्यात बदकं उभी राहू शकतात एवढंच पाणी आहे, पण पाण्याचं काही सांगता येत नाही.

भिंगरी मात्र हसली नाही. "बरं" म्हणाली आणि ताटात बघून जेवू लागली. मला वाटलं, लागू पडतंय औषध.

माझी भीती ही काही हवेतली भीती नाही. मी विमा कंपनीत आहे, दाव्यांच्या विभागात. लोकांवर जे जे कोसळतं ते सगळं शेवटी माझ्या टेबलावर येतं: पंखे, झाडं, जिने, शेजाऱ्यांच्या कुंड्या. एका गृहस्थांना त्यांच्याच कपाटाने दाबलं होतं. 'घटना कशी घडली' या रकान्यात बहुतेक लोक लिहितात, 'सर्व काही ठीक चालले असताना अचानक'. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की घरात सगळं ठीक चालू असलं की मला धडकी भरते. बायकोला यातलं काही कळत नाही. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर घाबरलेल्या माणसांना सुया टोचून टोचून कुणाच्याच भीतीबद्दल तिला आदर राहिलेला नाही.

तर प्रश्न तसा साधा होता. बोटीवरच्या ट्रेनिंगला प्रवेश परीक्षा असते आणि त्या परीक्षेआधी काही महिन्यांचा एक तयारीचा कोर्स असतो. तो घ्यायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. पण मला पुढचं दिसत होतं. आज कोर्स, उद्या परीक्षा, परवा बोट, आणि मग रोज सगळं ठीक चालले असताना अचानक.

युक्ती पक्की व्हावी म्हणून माझा उत्साह चार लोकांकडून तिच्या कानावर जायला हवा होता. म्हणून मी तळमजल्यावरच्या भूगोल सरांना सांगितलं. सर निवृत्त आहेत. त्यांनी आयुष्यभर समुद्र शिकवला, पण बोटीत पाऊल ठेवलेलं नाही.

"धाडसी निर्णय!" सर म्हणाले. "खरं सांगू का, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती."

"का नव्हती?"

"नाही, म्हणजे, परवा ते झुरळ निघालं तेव्हा तुम्ही..."

मी विषय बदलला. ते झुरळ उडणारं होतं, हे सर कधीच सांगत नाहीत.

त्याच संध्याकाळी सर जगाचा एक भलामोठा नकाशा घेऊन वर आले. शाळेतून निवृत्त होताना त्यांना तो भेट मिळाला होता आणि त्यांच्या घरात त्याला भिंत पुरत नव्हती. आमच्या हॉलची भिंत पुरली. आमच्या घरात इतकं निळं कधीच नव्हतं. जेवायला बसलं की समोर तो अथांग प्रकार. घास गिळताना मला गटांगळी खाल्ल्यासारखं होऊ लागलं.

"हे खोल," सर पट्टीने दाखवत म्हणाले. "हे त्याहून खोल. इथे बर्फ. इथे वादळं. आणि या पट्ट्यात चाचे."

"चाचे? अजून असतात?"

"असतात तर! आता फक्त शिकलेले असतात."

मग ते रोज येऊ लागले. बंदरांना निळ्या टाचण्या आणि बुडालेल्या जहाजांना काळ्या, अशी त्यांनी व्यवस्था लावली. निळ्या टाचण्या बऱ्याच उरल्या. काळ्या संपल्या तेव्हा बायकोने शिवणाच्या डब्यातल्या काढून दिल्या, कारण तिला वाटलं, मुलीला अभ्यासाला उपयोगी पडेल. भिंगरी दारात उभी राहून बघायची आणि न बोलता आत जायची. हल्ली ती जेवतही कमी होती. मला वाटलं, त्या नेव्हीवाल्यांची वजनाची काही अट असेल.

सरांनी ही बातमी एकट्याने पचवली नाही हे सांगायला नकोच. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गेटवर लोक माझे हात हातात घेऊ लागले. "मानलं तुम्हाला!" "असा बाप पाहिजे!" आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला शूर म्हणत होतं. लिफ्टमध्ये एक बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "एकुलती एक ना हो तुमची?" त्यानंतर मी आठवडाभर जिन्यानेच गेलो. पण आता माघार कशी घेणार? 'वा' म्हणून बसलो होतो.

अशा वेळी आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कने मला वाट दाखवली. "बोट लागते का ते बघा आधी," तो म्हणाला. "ज्याला बोट लागते त्याला तिथे कुणी विचारत नाही. बागेतल्या चक्रीत बसवा तिला आणि फिरवा गरागरा. दोन मिनिटांत निकाल."

मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं. रविवारी मी भिंगरीला बागेत नेलं. "सहज, एक गंमत म्हणून," असं म्हणालो. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"तुम्ही पण बसा मग."

"मी कशाला?"

"तुम्ही गेला असतात ना बोटीवर, तुमच्या वेळी?"

मी बसलो. चक्री ढकलायला बागेतली समस्त बालगोपाळ मंडळी धावली. पहिल्या फेरीला बाग फिरली, दुसऱ्या फेरीला आकाश फिरलं आणि त्यानंतर माझ्या पोटातली न्याहारी फिरू लागली. भिंगरी समोर सोफ्यावर बसल्यासारखी बसली होती. मी "थांबवा" म्हणत होतो, मुलांना ते "वाढवा" असं काही ऐकू येत असावं. मी उतरलो तो थेट गुलाबांच्या वाफ्यात, आणि पुढे तिथे जे घडलं त्यावर माळीबुवांनी जे भाषण केलं ते सगळ्या बागेने ऐकलं. चक्रीच्या खांबावर 'मोठ्यांना बसण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती. माळीबुवांनी ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. निकाल लागला होता. मला बोट लागत होती.

मग दैव एकदाचं माझ्या बाजूने झालं असं वाटलं. कोर्सच्या ऑफिसात अर्ज घ्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मेडिकल सर्टिफिकेट आणलंय? त्याशिवाय प्रवेशपत्र मिळत नाही." मेडिकलवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, "प्रवेशपत्र आणलंय? त्याशिवाय मेडिकल होत नाही." मी त्या दोन खिडक्यांमध्ये जितक्या आनंदाने फिरलो तितक्या आनंदाने कुठल्याच ऑफिसात फिरलेलो नाही. घरी येऊन मी खेदाने मान हलवली. "नाइलाज आहे. नियमच तसा आहे. आपण तरी काय करणार?"

बायकोने फोन उचलला. मेडिकलचे डॉक्टर तिच्याच लॅबमध्ये रक्ताचे नमुने पाठवत होते. दोन वाक्यं बोलली आणि फोन ठेवला. "उद्या सकाळी या म्हणालेत," ती म्हणाली. "आणि तुम्ही पण चला. चेहरा बघा कसा झालाय तुमचा."

डॉक्टरांनी भिंगरीची नजर, कान, छाती, सगळं तपासलं. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, ठिपक्यांमधून आकडा ओळखायचा. मी तिच्या मागे उभा राहून मनात म्हणत होतो, चूक, एकदा तरी चूक. तिने सगळे आकडे धडाधड सांगितले. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जरा बसा बघू इथे." त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे बघितलं, परत फुगवला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मुलीच्या हातात सर्टिफिकेट होतं आणि माझ्या हातात गोळ्या.

आता फक्त सह्या राहिल्या. त्या मात्र आमच्याच सह्या हव्या होत्या, दोघांच्याही, आणि त्यासाठी पोहण्याच्या तलावावर बोलावलं होतं. तलावाच्या एका टोकाला लोखंडी मचाण होतं. बोट बुडायला लागली की त्या उंचीवरून पाण्यात पडावं लागतं, त्याचा सराव म्हणे तिथे करतात. मचाणाच्या पायथ्याशी एक पाटी होती: 'पालकांनी आधी वर चढून पाहावे. त्याशिवाय संमतीपत्रावर सही घेतली जाणार नाही.'

"हे कशासाठी?" मी तिथल्या मास्तरांना विचारलं. मास्तरांच्या गळ्यात शिट्टी होती आणि दंड माझ्या मांडीएवढे होते.

"पूर्वी पालक नुसत्या सह्या करून जायचे. मग एकदा एक वडील आले भांडायला, एवढं उंच असतं हे आम्हाला सांगितलंच नाही म्हणून. तेव्हापासून आधी चढवतो."

"पण मला खालून दिसतंय की."

"खालून कमी दिसतं."

बायको एव्हाना चढून, बघून, उतरूनही आली होती. "छान वारा आहे वर," असं म्हणत तिने सही ठोकली. मास्तर माझ्याकडे बघू लागले. भिंगरी त्या दिवशीच्या चाचणीसाठी लाइफ जॅकेट घालून इतर मुलामुलींबरोबर आधीच वर गेली होती. एकेक जण वरून पाण्यात पडत होता, धबाक् आवाज होत होता.

मी शिडीला हात घातला. शिडी ओली होती. आमच्याकडे शिडीच्या दाव्यांची वेगळी फाइल आहे आणि ती जाड आहे. प्रत्येक पायरीवर मला त्या फाइलमधलं कुणी ना कुणी आठवत होतं. एक मनगट. एक कंबर. एक गृहस्थ, ज्यांचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. मी डोळे मिटून चढत राहिलो आणि पायऱ्या संपल्यावरही हवेत पाय टाकत होतो, तेव्हा वरून कुणीतरी माझी कॉलर धरून मला आत ओढलं. ती भिंगरी होती.

वर आम्ही दोघंच होतो. तिने एकेकाला "तू जा आधी" म्हणत सगळ्यांना पुढे घातलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मचाण आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीएवढंच उंच होतं, पण गॅलरीला तीन बाजूंना कठडा आणि चौथ्या बाजूला घर असतं. यालाही तीन बाजूंना कठडा होता. चौथ्या बाजूला पाणी. मी खाली बसलो आणि कठड्याचा खांब मिठीत घेतला.

"बघितलंत ना?" भिंगरी म्हणाली. "उतरा आता."

"तू?"

"मी जाते. आधी तुम्ही उतरा."

"मला उतरता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाहीये. पाय ऐकत नाहीयेत."

ती माझ्याजवळ बसली. केशरी जॅकेटातून तिचा चेहरा एवढासा दिसत होता आणि ओठ पांढरे पडले होते. थंडीने असेल असं मला वाटलं, पण ती अजून पाण्यात गेलीच नव्हती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मला भीती वाटतेय. खूप."

ज्या वाक्यासाठी मी नकाशा टांगून घेतला होता, चक्रीत बसलो होतो, सरांच्या टाचण्या सोसल्या होत्या, ते वाक्य आलं. आता मला फक्त तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं होतं, "असू दे बाळा, तुझी मर्जी. चल, घरी जाऊ." एवढं म्हटलं की सगळं संपलं असतं. मी तोंड उघडलंही.

"तुम्ही त्या दिवशी 'वा' का म्हणालात?" तिने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही कधीच हो म्हणत नाही. मला वाटलं, या वेळी पण नाहीच म्हणाल."

"म्हणजे तुला जायचं नव्हतं?"

"जायचंय हो! मला लहानपणापासून जायचंय. पण तुम्ही नाही म्हणता, मग मी भांडते, आणि भांडता भांडता माझी भीती जाते. सायकलच्या वेळी मला किती भीती वाटत होती माहितीये? या वेळी तुम्ही भांडलाच नाहीत. सगळे नुसते शाब्बास शाब्बास करतायत. मी कुणाशी भांडू?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या नकाराला या घरात काडीची किंमत नाही. आणि त्याच्याच जोरावर ही मुलगी आजवर सगळीकडे जाऊन आली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच जायचं होतं. तसं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, भीतीच्या शेजारीच. 'तुझी मर्जी' म्हटलं असतं तर ती माझ्याबरोबर खाली आली असती, आणि घरी येऊन त्या नकाशासमोर जेवायला बसली असती, रोज.

खालून मास्तरांची शिट्टी वाजली.

"नाही!" मी म्हणालो.

"काय नाही?"

"नाही म्हणजे नाही! माझी परवानगी नाही. जॅकेट काढ आणि चल घरी. आपल्या घराण्यात कुणी बादलीत डोकं घातलेलं नाही. तू निघालीस समुद्रात! तिथे वादळं आहेत, बर्फ आहे, शिकलेले चाचे आहेत. काही गरज नाही. इथे राहून कर काय ते. बँकेत जा, कुठेही जा, जिथे फरशी असेल तिथे जा!"

सुरुवात मी ठरवून केली होती. पण दुसऱ्या वाक्यापासूनच मला कळलं की यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि मग मला थांबता येईना.

"तू गेलीस की मी काय करू? महिनोन् महिने तुझा पत्ता नाही, फोन लागणार नाही, मी रोज ऑफिसात जाऊन लोकांचे ते कागद वाचायचे? मला जमणार नाही. मला नाही सहन होणार. नाही जायचं तू!"

माझा आवाज फाटला. भिंगरी उभी राहिली होती. तिची हनुवटी वर गेली, नाकपुड्या फुगल्या. मी ओळखतो ते लक्षण.

"का नाही जायचं? का पण?"

"मी सांगतो म्हणून!"

"हे काय कारण झालं? मेडिकल पास झालेय मी! पोहता येतं मला! तुम्हाला तर माझ्यावर कधी विश्वासच नसतो!"

"नाहीच आहे!"

"मग बघाच तुम्ही," ती म्हणाली. तिने एका हाताने नाक धरलं, दुसऱ्याने जॅकेट छातीशी दाबलं, समोर बघितलं आणि पाऊल टाकलं. मास्तरांनी त्यांना तसंच शिकवलं होतं, उडी मारायची नसते, नुसतं पाऊल टाकायचं असतं.

धबाक्.

खाली बघायचं माझं धाडस झालं नाही. मी खांबाला घट्ट धरून कान देऊन बसलो. मग पाण्यातून तिचा आवाज आला, खोकत, फुत्कारत, "आता बोला!" आणि माझा जीव भांड्यात पडला.

शिडीवरून बायको वर आली, संमतीपत्र आणि पेन घेऊन. माझ्याजवळ बसली. तिचे डोळे ओले होते, जे मी सहसा पाहत नाही.

"खालपर्यंत ऐकू आलं सगळं," ती म्हणाली. "करा सही."

मी एका हाताने खांब सोडून सही केली. ती माझी आहे असं कुठलीही बँक मानणार नाही. कोर्स घ्यायचा की नाही, हे ठरलं होतं. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आता हळूहळू उतरू या म्हणाली, मी म्हटलं, जरा थांब.

तेवढ्यात शिडी हलली आणि भिंगरीचं भिजलेलं डोकं वर आलं. दात वाजत होते, केसांतून पाणी गळत होतं. ती मचाणाच्या उघड्या बाजूला जाऊन उभी राहिली, नाक धरलं, आणि तशीच थांबली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"दोनदा पडावं लागतं म्हणाले मास्तर," ती म्हणाली. "बाबा, परत म्हणा ना."

सही केलेला कागद हातात धरून, माझ्यात होता नव्हता तेवढा जोर काढून मी ओरडलो, "नाही!"